उत्तर आलं नाही, म्हणजे काम झालं नाही?

माझी शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे सर्व्हर, टाइमआउट यांना शुद्ध मराठीत काय म्हणतात ते मला विचारू नका. पण प्रॉक्सी म्हणजे काय हे होस्टेलवाल्यांना शिकवायला नको! आपल्याऐवजी दुसरा 'प्रेझेंट सर' म्हणतो, ती प्रॉक्सी. कॉम्प्युटरमधलीही तशीच. ब्राउझर सर्व्हरशी थेट न बोलता प्रॉक्सीला सांगतो, ती सर्व्हरला सांगते आणि उत्तरही तिच्याच हातून येतं. डीबगिंग प्रॉक्सी तर मधला निरोप उघडून दाखवते आणि हवा तेवढा वेळ अडवूनही ठेवते.

हे अडवणं फार उपयोगी आहे. आपल्या प्रोजेक्टमध्ये क्लायंट आणि सर्व्हर बहुतेक वेळा एकाच मशीनवर असतात. उत्तर चुटकीसरशी येतं, डेमो झकास होतो, एक्स्टर्नल खूष! पण शेवटच्या तारखेला सगळी जनता एकदम साइटवर तुटून पडते तेव्हा काय?

आमच्या विंगमधल्या एका मुलीने ऑनलाइन फी भरताना 'पे' दाबलं. पान नुसतं फिरत राहिलं, मग एरर आला. तिने पुन्हा दाबलं आणि पैसे दोनदा कापले गेले. ते परत मिळाले, पण महिन्याभराने. तोवर तिचं मेसचं बिल थकलं. पहिल्याच वेळी काम झालं होतं. फक्त 'झालं' हा निरोप वेळेत परत आला नव्हता.

अगदी हीच परिस्थिती आपल्या टेबलावर तयार करता येते. मी त्यासाठी फिडलर वापरते. एरिक लॉरेन्स यांनी तो २००३ साली आणला. त्याचं विंडोजवरचं रूप आता 'फिडलर क्लासिक' म्हणून ओळखलं जातं. त्यात 'रूल्स' मेनूमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'सिम्युलेट मोडेम स्पीड्स' आहे. मूळ सेटिंगमध्ये येणाऱ्या दर किलोबाइटमागे १५० मिलिसेकंदांचा उशीर होतो. म्हणजे ४० किलोबाइटच्या पानाला ६ सेकंद. पण वेब सर्व्हिसचं उत्तर बऱ्याचदा एक किलोबाइटसुद्धा नसतं, त्यामुळे तिथे याने फारसा फरक पडत नाही.

मग 'रूल्स'मधल्या 'ऑटोमॅटिक ब्रेकपॉइंट्स'मध्ये जा आणि 'आफ्टर रिस्पॉन्सेस' निवडा. आता सर्व्हर काम पुरं करतो, उत्तर पाठवतो आणि ते फिडलरपाशी अडकतं. तुम्ही 'रन टू कम्प्लिशन' दाबेपर्यंत ते पुढे सरकत नाही. 'बिफोर रिक्वेस्ट्स' मात्र निवडू नका. त्यात रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचतच नाही.

उत्तर असं अडवलं की तीन गोष्टी बघा.

१) क्लायंट किती वेळ वाट बघतो? डॉटनेटच्या एचटीटीपी-क्लायंटचा ठरलेला टाइमआउट १०० सेकंद आहे. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत आपण दिला नाही तर टाइमआउटच नाही. बसा वाट बघत!

२) तेवढ्या वेळात बटण पुन्हा दाबता येतं का?

३) पुन्हा दाबल्यावर डेटाबेसमध्ये नोंद एक होते की दोन?

दोन झाल्या तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण माणूस पान रिफ्रेश करतोच. प्रत्येक व्यवहाराला आधीच एक वेगळा नंबर द्यायचा आणि पुन्हा प्रयत्न करताना तोच पाठवायचा. सर्व्हरने तो नंबर आधी पाहिलेला असेल तर नवं काम न करता जुनंच उत्तर द्यायचं. मेसच्या कूपनसारखं: एका नंबरावर एकच ताट.

एक सूचना. एचटीटीपीएस उघडून बघायला फिडलरचं रूट सर्टिफिकेट मशीनवर बसवावं लागतं. हे फक्त स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या प्रोजेक्टसाठी करा आणि काम झालं की काढून टाका. रूममेटचं चॅट वाचायला ही विद्या नाही!

तेव्हा सबमिशनच्या आधी एकदा आपल्याच सर्व्हरचं उत्तर दोन मिनिटं अडवून ठेवा आणि काय होतं ते बघा. फी भरणाऱ्या कुणाला तरी ते कळण्यापेक्षा आधी आपल्याला कळलेलं बरं.