गणित-शिक्षणातील पीएच.डी. : विषयाची निवड

गणितातील पीएच.डी. आणि गणित-शिक्षणातील पीएच.डी. या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत गणितात नवी भर घालावी लागते. दुसरीत विद्यार्थी गणित कसे समजून घेतो, कोठे अडतो आणि अध्यापनाने त्यात काय बदल घडतो, याचा पुराव्यानिशी शोध घ्यावा लागतो. ही ज्ञानशाखा अगदी नवी नाही. गणित-शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग १९०८ साली रोम येथे स्थापन झाला. फेलिक्स क्लाइन हे त्याचे पहिले अध्यक्ष होत. भारतात मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात या विषयात संशोधन चालते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार नोकरीतील अध्यापकांना अंशकालीन पीएच.डी. करता येते. त्यासाठी संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. एकूण कालावधी किमान ३ वर्षांचा असतो. दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने ही पदवी घेता येत नाही.

नियम पाळणे त्या मानाने सोपे. खरी कसोटी विषयनिवडीची. ‘अभिरुची व संपादणूक यांचा सहसंबंध’ अशा विषयांतून कोणाला किती गुण मिळाले हे कळते. मूल का चुकले, हे कळत नाही.

याउलट सीमाभागातील एक उदाहरण पाहावे. मराठीत ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी येतो, उर्दूतील ‘इक्कीस’मध्येही तसेच. कन्नडमधील ‘इप्पत्तोंदु’मध्ये मात्र दशक आधी येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन सुचविले गेले, तेव्हा मोठा वाद झाला. असे वाद केवळ मतांनी मिटत नाहीत. बेळगावात दोन्ही भाषा जाणणाऱ्या एकाच मुलाला तेच अंक दोन्ही भाषांत सांगून लिहावयास लावले, तर अंकांची उलटापालट कोणत्या भाषेत अधिक होते, हे पाहता येईल. पालकांची संमती घेऊन मुलाशी बोलले, तर त्यामागील विचारही उमगेल.

हा प्रश्न मर्यादित आहे, त्याची सामग्री हाताशी आहे आणि उत्तर कोणतेही आले तरी शिक्षकाच्या उपयोगी पडणारे आहे. विषय निश्चित करण्यापूर्वी या तीन कसोट्या लावाव्यात आणि आठ-दहा मुलांवर प्राथमिक चाचणी घ्यावी. तेथेच प्रश्न निकामी ठरला, तर पुढील काही वर्षांचे श्रम वाचतात.