कोयनेचे पाणी आणि क्रिकेटपटूचे लग्न

सीमाभागातल्या कितीतरी घरांत दोन भाषांचा संसार सुखाने चाललेला असतो. सासूबाईंना मराठी वाहिनी हवी, धारवाडकडच्या सूनबाईंना कन्नड. आजोबा मराठी पेपर वाचतात, नातवंडे शाळेत कन्नड शिकतात. एकीकडे 'बातमी', दुसरीकडे 'सुद्दी'. घराला दोन खिडक्या म्हटल्यावर उजेडही दुप्पट यायला हवा, नाही का? पण संध्याकाळी रिमोट फिरवून बघा. मराठीत ज्या क्रिकेटपटूच्या घटस्फोटाची चर्चा, तीच कन्नडमध्ये. इकडे नटीच्या लग्नातला शालू, तर तिकडे २०२४ मध्ये तुरुंगात गेलेल्या नटाला घरचा डबा मिळणार की नाही, याची काळजी!

वाचकहो, करमणूक वाईट असे कोण म्हणेल? दिवसभर राबून आलेल्या माणसाला घटकाभर विरंगुळा हवाच. जेवणात लोणचे असावे, पण ताटभर लोणचेच वाढले तर पोट कसे भरणार? प्रश्न आहे तो प्रमाणाचा.

आपल्याकडे पत्रकारितेचे दोन सण आहेत. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, म्हणून महाराष्ट्रात तो पत्रकार दिन. १ जुलै १८४३ रोजी हर्मन मोगलिंग यांचे 'मंगळूरू समाचार' निघाले, म्हणून कर्नाटकात तो पत्रिका दिन. लोकांना आपल्या भाषेत उपयोगी माहिती मिळावी, ही दोन्हीमागची तळमळ. ती आज कुठे गेली?

एक जुना दाखला पाहू. २००६ च्या एप्रिलमध्ये पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये एक विसंगती दाखवून दिली. विदर्भात त्या हंगामातल्या शेतकरी आत्महत्यांचा आकडा ४०० च्या पुढे गेला, त्याच सुमारास मुंबईच्या फॅशन सप्ताहासाठी ५०० हून अधिक पत्रकारांना प्रवेशपत्रे दिली गेली. विदर्भात ठाण मांडून वार्तांकन करणारे राष्ट्रीय माध्यमांचे पत्रकार मात्र जेमतेम सहा, असे ते पुढे भाषणांतून सांगत. मुंबईच्या मंचावर मिरवत होते ते सुती कपडे, आणि मरत होता तो कापूस पिकवणारा. दीपा भाटिया यांच्या 'नीरोज गेस्ट्स' या २००९ च्या माहितीपटात हा सारा विषय आला आहे.

त्यानंतर तरी शहाणपण आले का? १४ जून २०२० रोजी अभिनेता सुशांतसिंह राजपूत याचा मृत्यू झाला आणि पुढचे तीन-चार महिने अनेक वाहिन्यांना दुसरा विषयच उरला नाही. ३१ ऑगस्टला देशाचे उत्पन्न तिमाहीत २३.९ टक्क्यांनी घसरल्याचे जाहीर झाले, सप्टेंबरमध्ये कोरोनाचे रुग्ण दिवसाला ९० हजारांवर गेले. पडद्यावर मात्र एका तरुण अभिनेत्रीच्या मोबाइलमधल्या संदेशांचे जाहीर वाचन चालू होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांनी चालवलेल्या अशा खटल्यांवर ताशेरे ओढले. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. पण तोवर त्या मुलीची व्हायची ती बदनामी होऊन गेली होती.

असे का होते? कारण सरळ आहे, पैशाचे. अथणीच्या ऊसकऱ्याचे बिल का थकले, हे शोधायला बातमीदार, कॅमेरा, गाडी आणि दोन दिवस लागतात. स्टुडिओत चार जणांना बसवून भांडण लावायला यातले काहीच लागत नाही. नटनट्यांचे फोटो तर तेच आयते टाकतात. त्यात टीआरपीची शर्यत. देशात २० कोटींच्या आसपास घरांत टीव्ही, पण कोण काय बघते हे मोजणारी यंत्रे काही हजार घरांतच. त्या आकड्यांवर जाहिराती ठरतात. या मोजणीत फेरफार झाल्याचा आरोप झाला, तेव्हा ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणेच थांबवावे लागले होते.

गंमत म्हणजे या गावगप्पांत खरा खेळही मागे पडतो. बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधव हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या खेळात कांस्यपदक मिळवले. आपल्या गावाशेजारची पोर! पण कुराश म्हणजे ज्युडोसारखा, मध्य आशियातला कुस्तीप्रकार, हे आपल्यापैकी किती घरांत ठाऊक आहे? उलट विराट-अनुष्काचे लग्न कोणत्या देशात झाले, हे शेंबडे पोरही सांगेल.

हे केवळ रुचीचे प्रकरण असते तर सोडून दिले असते. पण आपल्या भागात बातमी चुकणे परवडत नाही. कोयना, वारणा, पंचगंगा यांचे पाणी कृष्णेला मिळते आणि राजापूर बंधाऱ्यावरून पुढे चिकोडी, रायबाग, अथणीत उतरते. त्याच वेळी सांगली-कोल्हापूरकरांचे लक्ष असते ते खाली अलमट्टीतून किती पाणी सोडले याकडे. अलमट्टीच्या फुगवट्याने पूर वाढतो की नाही, यावर दोन राज्यांत वाद आहेच. कोयनेचा विसर्ग मराठीत कळतो, अलमट्टीचा कन्नडमध्ये. ऑगस्ट २०१९ च्या महापुराने नदीला भाषा नसते हे नदीकाठच्या गावांना पुरते शिकवले. गोठ्यातली जनावरे कधी सोडायची, घर कधी रिकामे करायचे, हे त्या दोन आकड्यांवर ठरते. ही बातमी वेळेवर, नीट समजावून सांगणारा तालुक्याचा बातमीदार एका लग्नाच्या थेट प्रक्षेपणापेक्षा मोलाचा आहे.

मग आपण काय करायचे? वाहिन्यांना नावे ठेवून भागणार नाही. आपण बघतो म्हणून ते दाखवतात. दोन भाषा येणाऱ्या घरांनी पावसाळ्यात तरी दोन्हीकडच्या धरणांच्या बातम्या रोज वाचाव्यात आणि एकच भाषा येणाऱ्या शेजाऱ्याला सांगाव्यात. स्थानिक बातमीदाराने कष्ट घेऊन एखादा विषय मांडला, तर संपादकांना दोन ओळींचे पत्र लिहावे. टीका करणारी पत्रे खूप येतात, शाबासकीची फार थोडी. मुलांना रात्री जेवताना एकच प्रश्न विचारावा, आज आपल्या तालुक्यात काय घडले? उत्तर आले नाही, तर त्यांना रागावण्याआधी दिवसभर घरातला टीव्ही काय सांगत होता, ते आठवून पाहावे. आणि हो, हा नियम आमच्यासारख्या साप्ताहिकांनाही लागू आहे. आम्ही चुकलो, तर वाचकांनी आमचाही कान जरूर धरावा.