भरलेली ट्रॉली का उचलत नाही?

द्राक्षबागेच्या अरुंद ओळींतून फिरणारा छोटा ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने अशा ट्रॅक्टरवर, इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा एक जादा हायड्रॉलिक पंप बसवला. ट्रॉली तेलाच्या दाबाने तिरपी करून शेणखत ओतावे, हा हेतू. रिकामी ट्रॉली वर गेली. भरलेली मात्र हिसके देत वीतभर उचलली आणि थांबली. पंप घोंघावू लागला. 'दाब कमी पडतोय, रिलीफ व्हॉल्व्ह आवळा,' असा सल्ला त्याला मिळाला. हा सल्ला धोक्याचा होता. का, ते पाहू.

आधी एक प्रयोग करा. सुई नसलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीत पाणी भरा आणि दट्ट्या दाबा. पाणी सहज बाहेर पडेल. आता तोंडावर बोट धरून दाबा. लगेच दाब जाणवेल. दट्ट्या तोच, हात तोच; फरक फक्त अडथळ्याचा! पंपाचेही असेच आहे. तो तेल पुढे ढकलतो. दाब निर्माण होतो तो तेलाच्या वाटेतील ओझ्यामुळे.

थोडे गणित करू. पंप दर फेऱ्याला ८ घन सें.मी. तेल देतो आणि मिनिटाला १५०० फेरे करतो असे समजा. म्हणजे मिनिटाला १२ लिटर तेल. सिलिंडरचा व्यास ५ सें.मी. असेल, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौ. सें.मी. होईल आणि तो सेकंदाला सुमारे १० सें.मी. सरकेल. दर चौ. सें.मी.ला १०० किलोग्रॅम दाब असल्यास तो सुमारे १९६० किलोग्रॅम वजन पेलेल. म्हणजे वेग प्रवाहावर आणि जोर दाबावर अवलंबून असतो.

दाब मर्यादेबाहेर गेला, की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो व तेल टाकीत परत जाते. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचेच हे काम. तो मर्यादेपलीकडे आवळला, तर पाइप किंवा पंप फुटू शकतो.

मग दोष कुठे होता? टाकीत डोकावताच तेलावर फेस दिसला. पंप तेल 'ओढतो' असे आपण म्हणतो. खरे तर वातावरणाचा दाब ते पंपात ढकलतो. हा दाब दर चौ. सें.मी.ला जेमतेम १ किलोग्रॅम. म्हणून टाकीकडून येणारा पाइप रुंद व आखूड हवा, गाळणी स्वच्छ हवी. या पाइपात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. त्याची क्लिप सैल असेल तर तेल ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते! तेल फारसे दाबले जात नाही, हवा मात्र सहज दाबली जाते. त्यामुळे ट्रॉली हिसके देते.

इंजिन सावकाश चालू ठेवून, पट्ट्यापासून हात दूर ठेवून, आम्ही ब्रशने त्या सांध्यावर जाड तेल लावले. घोंघावणे क्षणभर थांबले. चोर सापडला! इंजिन बंद करून क्लिप आवळली, फेस बसू दिला आणि भरलेली ट्रॉली वर गेली.

फेस नसेल तर? ट्रॉली मुळीच हलत नसल्यास पंप उलट दिशेने फिरत नाही ना, हे त्यावरील बाणावरून पाहा. फक्त ओझे पेलत नसेल, तर प्रथम पट्टा घसरतो का ते तपासा. मग रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे का, पंप झिजला आहे का, ते जाणकाराकडून पाहून घ्या.

एक गोष्ट मात्र विसरू नका. दाबाच्या पाइपाची गळती बोटाने कधीही शोधू नका. तेलाची बारीक धार कातडीतून आत घुसते. टोचल्याएवढीच जखम दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. गळती पुठ्ठा धरून शोधावी. आणि उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय कोणीही जाऊ नये. तिला तोलून धरणारे तेल एका सैल सांध्यातूनही निसटू शकते.