नातवंडाच्या हाती वल्हे

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे काही महिने राहून आलेले आजी-आजोबा हल्ली रक्तदाब तपासून घेताना एक नवाच प्रश्न विचारतात. नात शाळेच्या रोइंग संघात आहे. दिवस उजाडण्यापूर्वी ती नदीवर जाते, संध्याकाळी यंत्रावर घाम गाळते आणि एखाद्या महाविद्यालयाने आपल्याला संघासाठी निवडावे म्हणून झटते. एवढे श्रम कोवळ्या वयाला सोसतील का आणि आम्ही इतक्या दुरून काय करू शकतो, ही त्यांची चिंता असते. योग्य काळजी घेतली तर श्रम सोसतात. आणि आजी-आजोबांना करण्यासारखेही पुष्कळ आहे.

सुधारणा कशी होते?

रोइंगमध्ये नौकानयनपटू पाठमोरे बसून नाव पुढे नेतात. पाहणाऱ्याला हात दिसतात, परंतु सर्वाधिक जोर पायांचा असतो. सरकत्या बैठकीवर आधी पाय रेटायचे, मग पाठ मागे न्यायची आणि शेवटी हातांनी वल्हे ओढायचे, असा हा क्रम आहे. अमेरिकेत या खेळाला मोठी प्रतिष्ठा आहे. १८५२ मध्ये हार्वर्ड आणि येल यांच्यात झालेली नौकाशर्यत हीच तेथील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मानली जाते. ही दोन्ही विद्यापीठे ज्या आयव्ही लीगमध्ये आहेत, तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. तरीही प्रशिक्षकाची पसंती प्रवेशाला साहाय्यभूत ठरते. अन्य काही विद्यापीठे शिष्यवृत्तीही देतात.

आठ जणांच्या नावेत एकाचे बळ वेगळे मोजणे कठीण असते. म्हणून प्रशिक्षक ‘अर्ग’ या रोइंग यंत्रावर २००० मीटर अंतराला लागलेला वेळ पाहतात. हा वेळ साधारणपणे सहा ते आठ मिनिटांचा असतो आणि त्यातील एकेका सेकंदासाठी मुले जिवाचे रान करतात. शाळेतील गुण आणि नाव वल्हवण्याची सफाई यांनाही निवडीत महत्त्व असते.

इतक्या छोट्या शर्यतीतही बहुतांश ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होते. त्यामुळे रोज धापा टाकेपर्यंत वल्हवून वेळ सुधारत नाही. सरावाचा मोठा भाग सोबत्याशी बोलता येईल इतका संथ असावा लागतो; तीव्र सराव आठवड्यातून दोनतीनदा पुरतो. संथ सरावाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका वाढतात. हे काम महिन्यामहिन्यांनी होते. सकाळी फिरताना बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे, असे आपल्याला सांगितले जाते, त्यामागचे तत्त्वही हेच आहे.

शरीराचे इशारे

सरावाचे फळ विश्रांतीत मिळते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. पहाटे पाचला उठणाऱ्याने रात्री नऊच्या आत झोपी गेले पाहिजे. अभ्यास आणि मोबाइल यांच्या ओढाताणीत पहिला बळी झोपेचाच जातो.

दुसरा प्रश्न आहाराचा. या खेळात कमी वजनाच्या खेळाडूंचा स्वतंत्र गट असतो आणि त्यात बसण्यासाठी काही मुले जेवण तोडतात. श्रमांच्या मानाने अन्न कमी पडले की मुलींची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे कमकुवत होतात आणि वल्ह्याच्या ताणाने बरगडीला सूक्ष्म तडा जाऊ शकतो. मुलगेही यातून सुटत नाहीत. म्हणून ‘किती छान बारीक झालीस!’ असे कौतुक कटाक्षाने टाळावे. शाकाहारी घरात डाळी, उसळी, दूध, पनीर आणि पालेभाज्या पोटभर मिळाव्यात. जेवणात लिंबू असावे, मात्र जेवणाला लागून चहा नसावा. त्याने लोहाचे शोषण घटते. लोहाच्या गोळ्या रक्ततपासणीनंतरच घ्याव्यात.

न थांबणारी कंबरदुखी, खोकताना किंवा खोल श्वास घेताना बरगडीत उठणारी कळ आणि चुकलेली पाळी यांसाठी डॉक्टरांकडे जावे. व्यायाम करताना छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर सराव तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.

आपल्यापाशीच असलेली माहिती

अमेरिकेत खेळापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत घराण्याचा इतिहास विचारतात. कुटुंबात कोणी तरुणपणी अचानक दगावले होते का? कोणाला हृदयाच्या स्नायूचा विकार होता का? पोहता येत असूनही कोणी बुडाले होते का? बुडण्याचा उल्लेख विचित्र वाटेल; परंतु पाण्यात हृदयाची लय बिघडल्यानेही असे मृत्यू घडतात. ‘तिशीत विहिरीत गेलेले काका’ किंवा ‘शेतात बसल्या जागी गेलेला भाऊ’ नातवंडाच्या आईवडिलांना ठाऊक नसतात, आपल्याला असतात. विदर्भ, नंदुरबार आदी भागांतील काही समाजांत सिकल सेलचे प्रमाण अधिक आहे. त्याचा केवळ वाहक असलेल्या खेळाडूलाही अतिश्रमाने धोका संभवतो. अशा गोष्टी अप्रिय म्हणून झाकू नयेत. नाव, नाते, मृत्यूसमयीचे वय आणि ठाऊक असलेले कारण कागदावर लिहून याच आठवड्यात मुलांना कळवावे.

आणि निवड झालीच नाही तर? अमेरिकेतील अनेक महाविद्यालयीन संघ नवशिक्यांनाही संधी देतात. आपल्या चांदवड तालुक्यातील दत्तू भोकनळ यांनी तर सैन्यात दाखल झाल्यावर वल्हे हाती घेतले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा क्रमांक मिळवला. नातीला हे जरूर सांगावे. तिला वेळ विचारणारे प्रशिक्षक आणि सहकारी पुष्कळ आहेत. फोनवर आपण तिची झोप, जेवण आणि दुखणेखुपणे विचारावे आणि उत्तर निवांत ऐकून घ्यावे.