गल्लीबोळांतील माणसांचा कवी

जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर या गावी १३ नोव्हेंबर १९१७ रोजी एका मराठी कुटुंबात गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म झाला. बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत. गजाननरावांनी हिंदी जवळ केली.

शहरातील अंधाऱ्या गल्लीबोळांत, तुटपुंज्या पगारावर संसार ओढणारा कारकून वा शिक्षक हा त्यांच्या लेखनाचा विषय. शाळामास्तर, पत्रकार, प्राध्यापक अशा नोकऱ्या करीत तेही त्याच ओढाताणीत जगले. १९४३ च्या 'तार सप्तक'मध्ये सात कवींपैकी एक म्हणून ते वाचकांपुढे आले. मात्र 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह १९६४ साली निघाला, तो हाती घेण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला ते निवर्तले.

१९८० साली मणी कौल यांनी त्यांच्या लेखनावर 'सतह से उठता आदमी' हा चित्रपट काढला. त्यात रूढ कथानक नाही. आहे ती सामान्य माणसाच्या मनाची तगमग.

वाचकहो, आपलीही मुले नोकरीसाठी शहरात खोली घेऊन राहतात. सणाला ती घरी आली, म्हणजे पगार किती एवढेच न विचारता, दिवस कसा जातो हेही आस्थेने विचारावे.