पाणी, नीति आणि न्याय

मुंबईंतील घरांत सकाळीं नळ सोडला म्हणजे पाणी येतें. तें कोठून आलें, हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. त्याचा बराच मोठा भाग ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्यांतून येतो. तेथील तानसा धरण १८९२ सालीं पुरें झालें. स्वातंत्र्यानंतर भातसा धरण झालें. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात तलावांच्या साठ्यापैकीं जवळजवळ निम्मा एकट्या भातसेचा आहे. असें असूनही याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते.

यास अन्याय म्हणावयाचें, तर कोणत्या कसोटीनें? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनीं १९७१ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, समाजांत आपलें स्थान कोणतें असेल हें ठाऊक नसतांना माणसें जे नियम मान्य करतील, तेच न्याय्य होत. आपला जन्म दादरला होणार कीं धरणाकांठच्या कोरड्या पाड्यांत, हें ठाऊक नसतें, तर आजची वांटणी कोणी पत्करली असती?

अमर्त्य सेन यांनीं २००९ सालीं या विचारास निराळें वळण दिलें. त्यासाठीं त्यांनीं आपल्याच परंपरेंतील दोन शब्द घेतले. नीति म्हणजे नियमांची व संस्थांची चोख मांडणी. न्याय म्हणजे तींतून माणसांच्या वांट्यास प्रत्यक्ष काय आलें तें. योजना कागदावर निर्दोष असली आणि हंडा रिकामा राहिला, तर नीति पाळली गेली, पण न्याय झाला नाहीं. आदर्श समाजाचें चित्र पुरें होण्याची वाट न पाहतां उघड अन्याय आधीं दूर करावा, असें सेन यांचें सांगणें.

परंतु तो अन्याय ओळखावा कोणीं? गोपाळ गुरू व सुंदर सरुक्काई यांनीं २०१२ सालच्या ग्रंथांत याच प्रश्नाची चर्चा केली. जो भोगतो त्याला सिद्धान्त मांडण्याचा नैतिक अधिकार अधिक, ही गुरू यांची बाजू. अनुभवाचा धनी आणि सिद्धान्ताचा कर्ता यांचें नातें काय, हें सरुक्काई यांनीं तपासलें.

शेजारच्या मुरबाड तालुक्यांत हा वाद पुस्तकापुरता राहिला नाहीं. काळू नदीवरील नियोजित धरणाचें काम वनविषयक मंजुरीवांचून सुरू झालें, म्हणून मुंबई उच्च न्यायालयानें २०१२ सालीं तें थांबविलें. वनजमीन अशा कामास देण्यापूर्वीं ग्रामसभेची संमति घ्यावी, असा आदेश केंद्र सरकारनें २००९ सालींच काढला होता. ज्याच्या दाराशीं पाणी अडवावयाचें, त्याचा शब्द आधीं ऐकावा, एवढाच त्याचा अर्थ. तो शब्द ऐकला जातो तेथें नीतीचा न्याय होऊं लागतो.