काठावरच्या पेशींचा शोध

दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये १९६५ साली राष्ट्रीय नेत्रपेढी सुरू झाली आणि १९६७ मध्ये तिथेच डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र उभं राहिलं. त्या काळी पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आजारावर मुख्य उपाय एकच होता: धुरकट झालेलं काढायचं आणि दात्याचं स्वच्छ पारपटल शिवायचं. एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ मध्ये यशस्वी केलेली ही वाट. तिने असंख्य लोकांना दृष्टी दिली, पण काही डोळ्यांत शिवलेलं कलम काही महिन्यांतच लालसर रक्तवाहिन्यांनी झाकून जाई.

यातले बरेचसे डोळे चुन्याने भाजलेले असत. तंबाखूबरोबर मळायला चुन्याची छोटी प्लास्टिकची पुडी मिळते. मूल खेळता खेळता ती दाबतं, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. एम्सच्या डॉक्टरांनी अशा लहानग्यांच्या इजा वैद्यकीय नियतकालिकांतून जगापुढे मांडल्या. इतकी धोकादायक वस्तू पानाच्या गादीवर कुणाच्याही हाती पडावी, हे मला आजही असह्य वाटतं.

कलम का टिकत नाही, याचं उत्तर पारपटलाच्या मध्यात नव्हतं. ते डोळ्याचं काळं-पांढरं जिथे मिळतं त्या काठावर, लिंबसमध्ये होतं. १९८६ मध्ये शर्मर, गॅल्विन आणि सुन यांनी दाखवलं की पारपटलाच्या आवरणात सर्वत्र आढळणारं केराटिन ३ हे प्रथिन लिंबसच्या तळच्या पेशींत मात्र नाही. या पेशी अजून पारपटलाच्या झालेल्याच नव्हत्या. त्या मूलपेशी होत्या: तिथूनच नव्या पेशी तयार होऊन आत सरकतात. एखाद्या प्रथिनाच्या अभावातून मूलपेशींचा पत्ता लागावा, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. १९८९ मध्ये केनियन आणि त्सेंग यांनी निरोगी डोळ्याचा काठ आजारी डोळ्यावर लावून दाखवला.

त्यानंतर अशा प्रथिनांच्या खुणांची निदानाला मदत होऊ लागली. निरोगी पारपटलाच्या वरच्या थरात केराटिन १२ भरपूर असतं आणि काठावर पी६३ व एबीसीजी२ ही प्रथिनं दिसतात. काठ जळाला की डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं आवरण आत शिरतं. केराटिन १२ मावळतं आणि चिकट म्यूसिन स्रवणाऱ्या गॉब्लेट पेशी पारपटलावर सापडू लागतात. गाळणकागदाचा तुकडा हलकेच दाबून उचलला तरी त्या कागदावर येतात. आतल्या थरात बदल वेगळा: तिथल्या स्वस्थ पेशींवर, केराटोसाइटवर, सीडी३४ हे प्रथिन असतं. इजा झाली की ते जातं, पेशी जखम भरणाऱ्या रूपात बदलतात, त्यांच्यात स्नायूंतलं ॲक्टिन उमटतं आणि व्रण धूसर होतो.

या खुणांचा उपयोग किती, हे २०१० मध्ये इटलीतल्या ११२ रुग्णांच्या अभ्यासाने आकड्यांत सांगितलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या काठाच्या पेशींत पी६३ ठळक दिसणाऱ्यांचं प्रमाण ३ टक्क्यांहून अधिक असेल तर ७८ टक्के रोपणं यशस्वी झाली. त्याहून कमी असेल तर फक्त ११ टक्के.

पण अशी प्रयोगशाळा किती रुग्णांच्या आवाक्यात असणार? हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सोपा मार्ग मांडला: निरोगी डोळ्याच्या काठाचा चिमुकला तुकडा बारीक करून, वारेच्या पातळ पडद्यावर फायब्रिन गोंदाने चिकटवायचा आणि पेशी डोळ्यावरच वाढू द्यायच्या. डॉ. सांगवान पुढे दिल्लीत दर्यागंजच्या डॉ. श्रॉफ चॅरिटी आय हॉस्पिटलमध्ये आले. दोन्ही डोळे भाजलेल्यांचा प्रश्न मात्र अवघडच राहिला, कारण त्यांना स्वतःचा निरोगी काठच उरत नाही.

एकाच खुणेवरून मूलपेशी खात्रीने ओळखता येत नाही. पी६३ भराभर वाढणाऱ्या इतर पेशींतही दिसतं. २०१४ मध्ये एबीसीबी५ ही आणखी एक खूण पुढे आली, तरी संशोधक अजूनही चार-पाच खुणा एकत्रच तपासतात. त्यासाठी लागतं दात्याच्या पारपटलाचं कडं: मधला भाग रुग्णाला बसवल्यावर जे उरतं, तेच संशोधनाच्या टेबलावर जातं.